स्विचर पॅनलची बटणं कोपरा दाबल्यावर चालतात? केबल मागवण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की सेकंड हँड घेतलेला २ एम/ई, म्हणजे दोन मिक्स-इफेक्ट बँकांचा स्विचर (अनेक कॅमेऱ्यांतलं हवं ते चित्र लाइव्हला लावणारं यंत्र) आहे, लग्नं, कीर्तनं आणि कबड्डीच्या लाइव्हला गाडीतून नेता, पॅनलवर प्रोग्रॅम (लाइव्ह जाणारं चित्र) आणि प्रीसेट (पुढचं चित्र) रोची उजवीकडची बटणं मधूनच मरतात, कधी त्यांचे लाइट मंद होतात, कोपरा दाबून धरला की सगळं परत येतं, आणि रिपेअरवाला म्हणाला आतल्या सगळ्या केबल बदला. तुम्हाला विचारायचंय की लॅमिंग्टन रोडवरनं एफआरसी, म्हणजे आतल्या सपाट केबल, आणून स्वतः बदलल्या तर चालेल का.

चालेल. पण केबल कुठली घ्यायची हा नंतरचा प्रश्न आहे, आधी कुठला जोड सोडतोय ते शोधायला हवं. मी बरीच वर्षं स्टुडिओ आणि ओबी व्हॅनमधली पॅनल दुरुस्त करतोय, आणि माझ्या टेबलावर 'केबल गेली' म्हणून जे येतं त्यात तार मधेच तुटलेली कमी सापडते, टोकाचा कॉन्टॅक्ट गेलेला जास्त. नवी केबल लावली की तीही चालते, कारण काढता-घालताना बोर्डवरच्या पिना घासून साफ होतात. मग चार महिन्यांनी, नेमकं गणपतीच्या सीझनमध्ये, तेच परत सुरू होतं आणि माणूस म्हणतो केबल डुप्लिकेट निघाली.

आता काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. जुन्या मोठ्या पॅनलमध्ये बहुतेक जाड एफआरसी असतात, म्हणजे राखाडी रंगाची, एका कडेला लाल पट्टी असलेली सपाट केबल, आणि बोर्डवर बॉक्स हेडर, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीतल्या पिना. नंतरच्या पॅनलमध्ये पांढरी पातळ एफएफसी पट्टी आणि लॉकवालं झिफ कनेक्टर असतं. स्क्रीन असेल तर तिची एलव्हीडीएस केबल, म्हणजे चित्राचा सिग्नल नेणारी, वेगळी, तिच्यात सिग्नलच्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, ती बाजारात साध्या एफआरसीवरनं बनवून घेऊ नका, ओरिजिनल किंवा त्याच मॉडेलच्या भंगार पॅनलमधली बघा. आणि पॅनल अजून वॉरंटीत किंवा एएमसीत असेल तर स्क्रू सुद्धा उघडू नका.

पहिलं काम कागद-पेन घेऊन, पॅनल न उघडता. कुठली बटणं मरतात त्याचा नकाशा काढा. आत बटणं बहुतेक मॅट्रिक्समध्ये स्कॅन होतात, रो आणि कॉलम, त्यामुळे फॉल्टचा आकारच बरंच सांगतो. एकच बटण मरत असेल तर ते स्विच आहे, केबलचा संबंध नाही. सारख्या अंतरावरची बटणं मरत असतील, म्हणजे समजा प्रत्येक आठवं, तर एक कॉलमची लाइन सोडतेय. एक सलग पट्टा मरत असेल तर त्या बोर्डाची रो लाइन किंवा त्याची केबल. टी-बार, म्हणजे एका चित्रावरनं दुसऱ्यावर जायचा दांडा, उड्या मारतोय पण बटणं ठीक आहेत तर आधी टी-बारचा पॉट किंवा एन्कोडर, म्हणजे दांड्याची जागा ओळखणारा भाग, आणि त्याची ती बारीक तीन-चार तारांची केबल. आणि सगळं पॅनल एकदम मेलं तर मेनफ्रेमकडे, म्हणजे स्विचरच्या मुख्य डब्याकडे, जाणारी लिंक आणि पॉवर बघा, जुन्यात आरएस-४२२ ही सीरियल लिंक असेल, नव्यात इथरनेट, आतल्या केबलना लगेच दोष देऊ नका.

तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे 'लाइट मंद होतात'. डेटाची लाइन सुटली तर लाइट मंद होत नाही, चुकीचा लागतो किंवा लागतच नाही. मंद होणं म्हणजे सप्लाय ड्रॉप होतोय. हिशोब बघा, २४ बटणांची रो, एका एलईडीला २० मिलीअँपिअर धरले तर सगळे लागल्यावर जवळजवळ अर्धा अँपिअर. नेहमीच्या एफआरसीतली तार २८ गेजची, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२ ओहमच्या थोडा वर, म्हणजे अर्ध्या मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ०.२ ओहमच्या आसपास, त्यावर ड्रॉप ०.१ व्होल्ट, काही बिघडत नाही. पण एका पिनेवर ऑक्साइड धरून १ ओहम वाढला की अर्धा व्होल्ट तिथेच गेला, बोर्डवर ५ ऐवजी साडेचार. ५ व्होल्टच्या बऱ्याच बोर्डांचं रीसेट सर्किट तिथेच कुठेतरी जागं होतं, मग बोर्ड स्वतःला रीसेट करत बसतो आणि तुम्हाला वाटतं बटणं मरतायत. म्हणूनच असे फॉल्ट जास्त लाइट लागले की दिसतात, टेबलावर दोन बटणं दाबून बघितलं की सगळं छान.

इथे बझर मोडवर विसंबू नका हे कळकळीने सांगतो. मल्टिमीटरचा बझर साध्या मीटरमध्ये तीस-चाळीस ओहमपर्यंत सुद्धा वाजतो. त्यामुळे १० ओहमचा सडलेला कॉन्टॅक्ट सुद्धा तुम्हाला 'ओके' म्हणून ऐकू येणार. शिवाय डिझाइन करणारे सप्लाय आणि ग्राउंडला एफआरसीत दोन-तीन तारा समांतर देतात, त्यातली एक सुटली तरी दुसरीतून बझर वाजतोच. खरी टेस्ट म्हणजे लोडवर ड्रॉप मोजणं. पॅनल चालू, मेनूतनं लॅम्प टेस्ट असेल तर सगळे लाइट लावलेले, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब सप्लायच्या ५ व्होल्ट आउटपुटला आणि दुसरी लांबच्या बोर्डवरच्या ५ व्होल्टला. पन्नास-शंभर मिलीव्होल्ट दिसले तर ठीक, दोन-तीनशेच्या पुढे गेले तर त्या वाटेत काहीतरी आहे. तसंच ग्राउंड ते ग्राउंड मोजा, लोक हे विसरतात, आणि अर्ध्या वेळा फॉल्ट ग्राउंडच्या पिनेतच असतो. मग मीटर तसाच धरून एकेक कनेक्टर प्लॅस्टिकच्या काडीने हलकेच हलवा. ज्याला हलवल्यावर आकडा नाचतो तो तुमचा माणूस. फक्त लक्षात ठेवा, पॅनलच्या आत एसएमपीएस, म्हणजे मेन्सवरचा पॉवर सप्लाय, असेल तर त्याच्या प्रायमरी बाजूला २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन सव्वातीनशेच्या आसपास डीसी असतं, तिकडे हात जाणार नाही असं झाकून ठेवा, आणि एकट्याने करू नका.

केबल काढताना मात्र पॉवर पूर्ण बंद. दोन सप्लाय असतील तर दोन्ही कॉर्ड भिंतीतून काढा, मागचं बटण बंद करून भागत नाही. त्याआधी शो फाइल, मॅक्रो, सेटअप जे असेल ते पेनड्राइव्हवर घ्या, कारण काही पॅनलमध्ये सेटिंग नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकतं आणि जुन्या सेटमध्ये ती कधीच संपलेली असते. मनगटाला ईएसडी पट्टा, म्हणजे अंगातली स्थिर वीज ग्राउंड करणारा, घाला, १ मेगाओहमवाला. मग फोटो, भरपूर फोटो, प्रत्येक कनेक्टरचा जवळून, लाल पट्टी कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा. बोर्डवर 'J5', 'P3' असे कनेक्टरचे नंबर छापलेले असतात ते मास्किंग टेपवर लिहून केबलच्या दोन्ही टोकांना चिकटवा. सारख्या दिसणाऱ्या दोन केबल अदलाबदल झाल्या तर पुढचा अख्खा दिवस गेला.

आता मापं. एफआरसी घेताना फक्त पिनांचा आकडा सांगून दुकानदाराकडनं घेऊ नका. नेहमीच्या बॉक्स हेडरच्या पिना २.५४ मिलिमीटरवर असतात आणि त्याच्या केबलच्या तारा १.२७ वर, म्हणजे २६ तारांची केबल ३३ मिलिमीटर रुंद, ३४ ची ४३. पण २ मिलिमीटरचं हेडर पण असतं, त्याला १ मिलिमीटरची केबल लागते, लांबून दोन्ही सारखीच दिसतात आणि २६ पिनांचं मागितलं की दोन्ही २६ पिनांचीच मिळतात. रुंदी मोजा. एफएफसीत हिशोब असा की पिनांच्या आकड्यात एक मिळवून पिचने, म्हणजे दोन पिनांमधल्या अंतराने, गुणायचं, ३० पिन आणि ०.५ पिच म्हणजे १५.५ मिलिमीटर. इथे एक फसवाफसवी आहे, २० पिनांची १ पिचची पट्टी २१ मिलिमीटरची आणि १६ पिनांची १.२५ पिचची सव्वाएकवीस, पट्टी हातात धरली तर फरक कळत नाही, आणि जपानी सामानात १.२५ बऱ्यापैकी सापडतं. म्हणून पट्टीवरचे कॉन्टॅक्ट मोबाइलवर मोठा फोटो काढून मोजाच. एफएफसीत तिसरी गोष्ट म्हणजे कॉन्टॅक्ट दोन्ही टोकांना एकाच बाजूला आहेत की उलट बाजूला. टोकाला निळी कडक पट्टी असते ना, तिच्या मागच्या बाजूला कॉन्टॅक्ट असतात. दोन्ही निळ्या पट्ट्या एकाच अंगाला असतील तर एक प्रकार, वेगवेगळ्या अंगाला असतील तर दुसरा. चुकीची आणून तिला पीळ देऊन बसवली तर १ नंबरची पिन शेवटच्या पिनेला जाते, आणि तिथे सप्लाय असेल तर बोर्ड जळतो.

लांबीचं म्हणाल तर एफआरसी दोन-तीन सेंटिमीटर जास्त चालते. एफएफसी शक्यतो तेवढीच घ्या, कमी तर अजिबात नको, ताणलेली पट्टी थोड्या दिवसांत झिफमधनं तिरकी होऊन बाहेर येते.

एफआरसी बाजारातच बनवून मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही. पण शक्य असेल तर समोर उभं राहून बनवून घ्या किंवा स्वतः करा, अवघड नाहीये. केबल धारदार ब्लेडने काटकोनात कापायची, कात्रीने कापली की तारांची तोंडं दबतात आणि शेजारच्या तारेला टेकू शकतात. कनेक्टरवर छोटा त्रिकोण असतो तो लाल पट्टीकडे, दोन्ही टोकांना. क्रिम्पिंग टूल नसेल तर बेंच व्हाइसमध्ये दोन सपाट लाकडाचे तुकडे घेऊन एकसारखा दाब द्या. हातोडी नको, प्लायरने एकेक कोपरा दाबणं तर त्याहून नको, त्याने मधले दात तारेत अर्धवट घुसतात आणि तुम्ही नवी केबल नव्या लूज कॉन्टॅक्टसकट आत घालता. त्रिकोण बरोबर असला तरी केबल कनेक्टरच्या कुठल्या अंगाने बाहेर पडते ते जुन्या केबलशी जुळवून घ्या, नाहीतर वायरिंग बरोबर असूनही ती झाकणाच्या बिजागरीवर उलटी दुमडते. वरची स्ट्रेन रिलीफची क्लिप बसवायला विसरू नका, बरेच दुकानदार ती देतच नाहीत, मागून घ्या. आणि हेडरच्या पिना सोनेरी असतील तर कनेक्टर पण गोल्ड प्लेटिंगचाच, पिना टिनच्या असतील तर टिनचा. सोनं आणि टिन एकत्र आले की व्हायब्रेशनमध्ये टिन घासून ऑक्साइड लवकर जमतो. तुमची गाडी तालुक्याच्या रस्त्यांवरनं जाते, त्यामुळे तुमच्यासाठी ही बारीक गोष्ट नाहीये.

हा घासण्याचा प्रकार एकदा डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. टिनच्या कनेक्टरची पिन भिंगाखाली धरा, जिथे कॉन्टॅक्ट टेकतो तिथे तांदळाच्या कणीपेक्षाही लहान काळसर ठिपका दिसेल, बाकी पिन चकचकीत. तेवढ्या जागेत ती पिन हजारो वेळा केसाएवढी सरकलेली असते, दर वेळी टिनचा थर खरवडला जातो आणि त्याची पूड ऑक्साइड होऊन तिथेच बसते. कनेक्टर काढून परत लावलं की ठिपका पुसला जातो म्हणून चालतं, आणि कोपरा दाबला की कॉन्टॅक्ट ठिपक्यावरनं जरासा बाजूला सरकतो म्हणूनही चालतं. तुमचं पॅनल बहुतेक हेच सांगतंय.

म्हणून नवी केबल लावायच्या आधी बोर्डवरच्या पिना साफ करायच्याच. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड किंवा फोमची काडी. खोडरबर घासू नका, सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, तो निघून जातो आणि खालचं निकेल उघडं पडतं. डब्ल्यूडी-४० तर नकोच, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो. अल्कोहोल बटणांच्या पारदर्शक कॅपवर उडू देऊ नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. आणि बोर्डवर चिकट तपकिरी डाग दिसला तर तो चहा आहे, आपल्याकडे ऑपरेटरच्या हाताशी कप ठेवायची सवय जात नाही. दुधासाखरेचा चहा अल्कोहोलने नीट निघत नाही, साखरेला पाणी लागतं, म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने ओला ब्रश, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं. चहा झिफ कनेक्टरच्या आत गेला असेल तर केबल बदलून उपयोग नाही, कनेक्टरच बदलायला लागतो, आणि ते हॉट एअरचं काम आहे, हात बसलेला नसेल तर बोर्ड जाणकाराकडे द्या.

झिफचं लॉक कसं उघडतं ते आधी ओळखा. काही बाहेर ओढायचे असतात, दोन्ही कडांनी सारखे, मिलिमीटरभर. काही वर उचलायचे, दारासारखे. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, एका कडेने उचललं की कान तुटतो, आणि हे कनेक्टर मुळातच मोजक्या वेळा उघडझाप करायला बनवलेले असतात. त्यामुळे 'काढून बघू, परत लावून बघू' हा खेळ एफएफसीत करू नका. आत घालताना पट्टी सरळ, छापलेली आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे, मग लॉक.

बसवताना केबल पूर्वी जिथून गेली होती तिथूनच न्या. बऱ्याच पॅनलचं वरचं झाकण गाडीच्या बॉनेटसारखं वर उघडतं आणि केबल त्या घडीवर वाकते. तिथे ओरिजिनलमध्ये एक सैल वळण ठेवलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प. तारा मधेच तुटतात त्या इथेच, आणि बाहेरून इन्सुलेशन अगदी धडधाकट दिसतं. झाकण पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून दोन्हीकडे केबल ताणत नाही, चिमटत नाही ना बघा. जुन्या केबलवर फेराइटचा कोअर, म्हणजे केबलभोवतीचा तो काळा जड तुकडा, असेल तर तो नव्यावर चढवा. आणि कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर आधी उंदराची वाट बंद करा, पॅनलच्या खालची केबल एंट्रीची भोकं ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, लावून बुजवा.

पॉवर देण्याआधी दोन मोजमापं. केबल सुटी असताना प्रत्येक पिन टोक ते टोक, बझरवर नाही, ओहम रेंजवर, आणि मीटरच्या वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून. मग प्रत्येक पिन तिच्या दोन्ही शेजाऱ्यांशी, शॉर्ट नाही ना. हे केबल लावल्यावर केलं तर बोर्डातली वाट मधे येते आणि आकडे फसवतात. मग सगळं जोडून, सप्लाय बंद असतानाच ५ व्होल्ट ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजा, शून्याजवळ आलं तर पॉवर देऊ नका. चालू केल्यावर लॅम्प टेस्ट, की टेस्ट, टी-बारचं कॅलिब्रेशन, आणि मघाचीच ड्रॉपची मापं परत, आधीचे आकडे लिहून ठेवले असतील तर फरक स्वतःच दिसेल. शेवटी सगळे लाइट लावून रात्रभर ठेवा, आणि सकाळी गरम असतानाच कोपरा दाबून बघा.

सगळ्या केबल बदलायच्या का, तर माझं मत असं. एफएफसी असतील तर फॉल्टवालीच बदला, बाकीच्यांना उगाच हात लावू नका, चांगलं लॉक मोडेल. एफआरसी असतील आणि पॅनल गाडीतून फिरत असेल, तर एका जोडाला ठिपका पडलाय म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या जोडांनाही पडतोय असं धरा आणि घडीवरच्या सगळ्या एकदम बदला, त्यांची किंमत एका बुडालेल्या लाइव्हच्या मानाने काहीच नाही. जिथे हालचाल नाही तिथल्या फक्त काढून, साफ करून परत लावा.

तोपर्यंत हातात ऑर्डर असतील तर स्विचरला लॅपटॉपवरनं सॉफ्टवेअर कंट्रोल चालतो का ते आजच सेट करून ठेवा, आणि पॅनल नेताना खाली जाड फोम घाला. ड्रॉपची मापं आणि कनेक्टरचे जवळून काढलेले फोटो मॉडेल नंबरसकट टाका, कुठली केबल आणि किती पिचची लागेल ते बघून सांगतो, तोवर काही मागवू नका.